पाव किलो भेंडी आणि पाच माणसं

"ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला आणि हिमोग्लोबिन १०.४. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. पाकिटातलं कमी करा. धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं होता होईल तो मूळ रूपात खा. मी उत्साहाने ओट्स, क्विनोआ, चिया, मल्टिग्रेन बिस्किटं, नाचणीचे चिप्स घेऊन आले. अडीच हजार गेले. सकाळी दुधात भिजवलेले ओट्स गिळते, रात्री उकडलेल्या भाज्या. बाकी चौघं नेहमीचं जेवतात आणि मी माझी वाटी घेऊन बसते. नवरा म्हणतो, किती दिवस टिकतंय बघू. मुलगी पंधराची, मुलगा दहाचा. पालेभाजी दिसली की दोघांची तोंडं वाकडी. भाकरी करू या म्हटलं तर सासूबाई (पंचाहत्तरीच्या, बार्शीकडच्या) म्हणाल्या, 'बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या, त्या रेशनच्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या खाऊन झाल्यात माझ्या, आता मला मऊ पोळीच दे.' मला तर भाकरी थापताही येत नाही. परवा गाडीतून उतरले, स्टेशनबाहेर उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले आणि घरी येऊन रडले. आवडीने जेवायचं आणि तब्येतही सांभाळायची, हे एकत्र होऊच शकत नाही का?"

तुमचं पत्र वाचताना 'माझी वाटी' या दोन शब्दांपाशी मी थांबले. ती वाटी मी ओळखते. आमच्या घरी ती अठरा वर्षांपूर्वी आली होती.

ह्यांची साखर वाढलेली निघाली आणि मी दुसऱ्याच दिवसापासून त्यांचा स्वयंपाक वेगळा केला. बिनफोडणीचा दुधी, मोजून दोन फुलके, ताकही पाणचट. आम्ही बाकीचे वांग्याचं भरीत खातोय आणि ते मान खाली घालून दुधी चिवडतायत, असं तीन आठवडे चाललं. मग एका रात्री स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. अंधारात उभे राहून शेव खात होते. मी चिडले, नको ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "ताटात आजारपण वाढतेस, मग भूक कुठे भागवू?" ते वाक्य मला फार लागलं. दुसऱ्या सोमवारपासून मी दोन स्वयंपाक बंद केले. त्यांना जे चालतं तेच सगळ्यांसाठी, पण सगळ्यांना आवडेल असं, खमंग करून. ते टिकलं. आजही टिकून आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: होतं एकत्र. पण तुमची वाटी वेगळी राहिली तर होणार नाही.

जेवणाकडे वळण्याआधी रिपोर्टाबद्दल दोन गोष्टी, कारण तुम्ही साखरेच्या आकड्याला घाबरलात आणि हिमोग्लोबिनकडे दुर्लक्ष केलंत असं मला वाटतं. बाईच्या अंगात ते १२ च्या वर हवं, १०.४ म्हणजे लोकलच्या जिन्यावर धाप लागत असणार, संध्याकाळी सातला अंग मोडून येत असणार. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हा आकडा ५७ टक्के होता. आपण सगळ्याच थकलेल्या असतो, म्हणून ते थकणं आपल्याला नेहमीचं वाटतं. १०.४ ला नुसता आहार पुरा पडत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्या, दिल्या नसतील तर विचारा. पाळी जास्त जाते का, हेही त्यांना सांगा. या वयात बऱ्याचदा गळती तिथेच असते. आणि आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: लोहाची कमतरता असली की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसू शकतो. तुमच्या बाबतीत तसं आहे का, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर काय सांगते, हे डॉक्टरच ठरवतील. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणानंतरचा चहाही तासभर लांबवा.

आता जेवणाकडे येते.

तुम्ही काय काय विकत आणलंत ते सविस्तर लिहिलंय. पण घरात रोज भाजी किती येते ते लिहिलं नाही. मी अंदाज करते: सकाळी डब्यासाठी अर्धा किलो कोबी किंवा फ्लॉवर, रात्री पाव किलो भेंडी. हा अंदाज माझ्या घरच्या आठवणीतून आलाय, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत असंच असतं. पाव किलो भेंडीची देठं काढली, चिरली, परतली की ती मूठभर होते. पाच माणसांत वाटली तर प्रत्येकाला दोन चमचे. त्या दोन चमच्यांबरोबर तीन पोळ्या आणि वर भात. आपण म्हणतो, "आमच्याकडे रोज भाजी असते हो!" असते, पण ताटात ती लोणच्याइतकी असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, आणि बटाटा त्या ४०० ग्रॅमात धरायचा नाही. पाच जणांचं गणित केलं तर दिवसाला दोन किलो होतात. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा घाबरलेच होते. पण तुम्ही घाबरू नका, दोन किलोला उद्याच पोचायचं नाहीये. आज पाऊण किलो येत असेल तर या महिन्यात दीड किलो करा. कसं, ते सांगते.

रोज एक कोशिंबीर, आणि ती चमचाभर शोभेची नको, वाटीभर. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबी, बीट, जे असेल ते. दाण्याचं कूट, वर हिंग-मिरचीची फोडणी, लिंबू पिळून. अर्धा किलो तिथे गेला. रोजच्या वरणात एक जुडी पालेभाजी: मेथी, पालक, चाकवत, चुका, शेपू, लाल माठ. म्हणजे वेगळी पालेभाजी करावी लागत नाही आणि वरण बेचव राहत नाही. तिसरी नेहमीची भाजी, पण पाव किलोऐवजी अर्धा किलो. तेवढ्याने दीड किलो भरतो. पोळ्या कमी करा असं कुणाला सांगावंही लागत नाही. ताटात भाजी जास्त आली की तिसरी पोळी आपोआप मागे राहते.

पालेभाजीला मुलांची तोंडं वाकडी होतात म्हणता. मला विचाराल तर मुलांचं चुकत नाही. पाण्यात उकडून, पिळून, कांद्यावर परतलेला काळपट पाला कुणाला आवडेल? आपल्याकडे पालेभाज्या अशा कधी केल्याच जात नव्हत्या. तुमच्या सासूबाईंच्या भागातली अंबाडी घ्या. ती आंबट असते म्हणून त्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात, घोटतात, आणि वाढताना वर लसणाची फोडणी. लसूण तांबूस होऊन मोहरीबरोबर तडतडत भाजीवर पडतो तेव्हा जो वास येतो, त्याने शेजारची माणसं दारात येऊन उभी राहतात. चाकवत ताकातला करतात, चुका दाणे-डाळ घालून, अळू आंबट-गोड. प्रत्येक पाल्याचा स्वभाव ओळखून त्याची सोबत आधीच ठरवून ठेवलेली आहे. आपल्याला फक्त ती आठवायची आहे.

फोडणीवरून तेलाचं सांगते. त्याच सूचनांत माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय, म्हणजे पाच माणसांना महिन्याला साधारण चार किलो. एका महिन्यात तुमच्याकडे किती डबे रिकामे होतात ते मोजा. कमी करायचं असेल तर माझी एक युक्ती आहे: भाजी शिजताना तेल घालूच नका, ते सगळं शेवटी फोडणीत घाला. दोन चमचे वरून घातलेलं तेल जिभेला चार चमच्यांएवढं लागतं, कारण वास आणि चव वरच राहते.

भाकरीचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय.

आधी एक खरं सांगते. पोळी वाईट नाही. तुमची कणीक गिरणीतून दळून आणलेली आणि कोंड्यासकट असेल, तर सासूबाईंच्या मऊ पोळीत काही दोष नाही. फक्त पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकत असाल तर ते थांबवा. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात पिष्ट जवळपास सारखंच असतं, त्यामुळे चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढणारच. भाकरी औषध नाही. पण रोज दोन्ही वेळा फक्त गहू आणि तांदूळ खाण्यापेक्षा आलटूनपालटून ज्वारी, बाजरी, नाचणी आली तर तुमच्या पोटात ज्या गोष्टी जातात त्या वाढतात. बाजरीत लोह तांदळाच्या कितीतरी पट आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तेवढं दुसऱ्या कुठल्याच धान्यात नाही. आणि भाकरीचा एक गुण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: ती कोरडी खाता येत नाही. तिला पिठलं लागतं, उसळ लागते, कालवण लागतं, कांदा लागतो. ती आपल्याबरोबर चार चांगल्या गोष्टी ताटात घेऊन येते.

आता सासूबाई. त्यांचं 'नको' मला समजतं, कारण मीही त्यांच्याच सोलापूर जिल्ह्यातली, करमाळ्याकडची आहे. बहात्तर साली मी सहा वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि तिथे वाटली जाणारी सुकडी, दुष्काळी कामावरचा तो कोरडा खाऊ, पदराच्या गाठीत बांधून आणायची. ती चव अजून जिभेवर आहे. रेशनवर मिळणारी ती परदेशी लाल मिलो आमच्याही घरात होती. आमची घरं शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर वाढलेली. मोत्यासारख्या पांढऱ्या मालदांडी ज्वारीची, दुधासारखी गोड भाकरी खाणाऱ्या माणसांनी त्या वर्षी जे खाल्लं ते फक्त जगण्यासाठी खाल्लं. तुमच्या सासूबाई तेव्हा विशी-बाविशीच्या, नव्याने संसाराला लागलेल्या असतील. पुढे पोळी रोज परवडायला लागली तेव्हा 'आता आपलं बरं चाललंय' हे त्यांना त्या पोळीने सांगितलं असणार. तुम्ही 'भाकरी करू या' म्हणालात, आणि त्यांच्या कानावर ते वर्ष आलं. त्यांना भाकरी खायचा आग्रह करू नका. त्यांची पोळी त्यांना रोज द्या, तूप लावून द्या.

मात्र एका रविवारी त्यांच्यापाशी बसा आणि म्हणा, "आई, मला भाकरी शिकवा." खायला लावणं आणि शिकवायला सांगणं यात फार फरक आहे. जमल्यास त्या दिवशी मालदांडी आणा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. आता ती गव्हाहून महाग विकली जाते, हे सासूबाईंना सांगा. त्यांना ते ऐकायला आवडेल. दाणे त्यांच्या तळहातावर द्या आणि चांगले आहेत का विचारा.

पीठ ताजंच हवं. आठ दिवसांचं, फार तर दहा. जुनं झालं की ते विरी जातं आणि कितीही मळलं तरी भाकरी कडेने फाटते. नव्या माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही, दोष असतो पिठाचा. बाजरीचं पीठ तर लवकर कडूच होतं, ते चार-पाच दिवसांचंच दळून आणा. परातीत दोन भाकऱ्यांचं पीठ घ्यायचं, मधे खळगा करायचा आणि त्यात उकळतं पाणी ओतून उलथन्याने हलवायचं. गव्हाच्या पिठात जो ताण असतो तो ज्वारीत नाही. तिला धरून ठेवतं ते कढत पाणी आणि मळणं. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं, चांगली चार-पाच मिनिटं, गोळ्याच्या कडेला चिरा पडेनाशा होईपर्यंत. मग खाली पीठ भुरभुरून थापायची. बोटं जुळलेली, जोर कडेकडे जास्त, मधे कमी. थाप बरोबर पडायला लागली की भाकरी परातीत आपली आपण फिरते. ती फिरली की समजा हात बसला. तव्यावर पिठाची बाजू वर राहील अशी टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, आणि मग पहिली बाजू थेट आचेवर. टम्म फुगली, पापुद्रा सुटला, की झालं.

पहिल्या दहा भाकऱ्या वेड्यावाकड्या होतील. होऊ द्या. आठवड्यातून तीन रात्री करा, रोजचा हट्ट नको. आणि पंचाहत्तरीच्या बाईला रोज चुलीशी उभं करायचं नाही, हेही लक्षात ठेवा; त्यांचं काम शिकवायचं, बाकीचं तुमचं आणि तुमच्या यजमानांचं. 'किती दिवस टिकतंय बघू' म्हणणाऱ्या माणसाने बघत बसायचं नसतं. गिरणीत दळण नेणं, रविवारची भाजी आणणं आणि पालेभाजी निवडणं ही तीन कामं त्यांच्याकडे द्या. दोन जुड्या मेथी निवडायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास फोर्टहून गाडीत लटकून आलेल्या बाईने का द्यायचा? तब्येत बिघडली की सगळं घर घाबरतं. मग ती सांभाळताना घर कुठे असतं? हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. रागाने नको, पण स्पष्ट.

कडधान्याचं थोडक्यात. मटकी, मूग, हुलगे, चवळी, हरभरे, यातलं एक काहीतरी घरात कायम भिजत किंवा मोड येत असलं पाहिजे. सकाळी निघताना भिजवायचं, रात्री फडक्यात बांधायचं, दुसऱ्या संध्याकाळी मोड तयार. मोड आले की धान्यातलं लोह शरीराला जास्त सहज घेता येतं. वर लिंबू पिळलं तर आणखी. उसळीवर लिंबाची फोड ठेवायची पद्धत उगाच नाही पडली. तुम्ही मांस-मासे-अंडी खाता की नाही ते लिहिलं नाहीत. खात असाल तर आठवड्यातून दोन-तीनदा अंडी, मासे येऊ द्या, ती या सगळ्यात बसतात. खात नसाल तर बी-१२ एकदा तपासून घ्या. ते पाल्यात किंवा कडधान्यात मिळत नाही, दूध-दह्यातून थोडं मिळतं.

फळांना फार शब्द लागत नाहीत. स्टेशनबाहेर टोपलीत असतो तो पेरू घ्या. 'क' जीवनसत्त्व त्यात संत्र्याच्या कितीतरी पट असतं. थंडीत आवळा, बोरं. फळ चावून खायचं, रस काढून प्यायचं नाही.

आता त्या अडीच हजारांच्या पिशवीचं. टाकू नका. ओट्स काही वाईट नाहीत, फक्त दुधात भिजवलेले तुम्हाला आवडत नाहीत. ते भाजून थालीपिठात घाला, धिरड्यात घाला. क्विनोआची एकदा खिचडी करून संपवा. चिया ताकात भिजवून संपवा, आणि संपले की पुन्हा आणू नका. त्याऐवजी जवस आणा. पाव किलो जवस कढईत तडतडेपर्यंत भाजायचे, सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरं, मीठ घालून कुटायचे. ही चटणी भाकरीवर, वर दही किंवा कच्च्या तेलाची धार, आणि हातात एक कांदा. मासळीत असतं म्हणून ज्याची जाहिरात होते त्या जातीची चरबी जवसातही आहे. चटणी थोडीच करा, आठ-दहा दिवसांची, नाहीतर खवट होते.

मल्टिग्रेन बिस्किटांचं पाकीट मात्र आत्ता हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा आपल्याकडे नियम आहे. जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यांत जास्त. बहुतेक वेळा पहिला मैदा असतो, दुसरी-तिसरी साखर आणि पाम तेल, आणि ज्या नाचणीचं चित्र समोर छापलंय ती कुठेतरी शेवटी. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. चांगलंच झालं, पण त्यानंतर ज्वारी-नाचणीचं नाव लावून काहीही विकलं जातंय याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याच शेतातलं धान्य आपल्याला चिप्सच्या पिशवीत घालून दहापट भावाने परत मिळतंय.

या पाकिटांनी पोट का भरत नाही यावर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे पाकिटबंद, कारखान्यातलं अन्न आणि दोन आठवडे साधं, मूळ रूपाच्या जवळचं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि खातही होती भराभर. दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वजन वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. रात्री बिस्किटांचा पुडा कधी संपला ते आपल्याला कळत नाही, त्यात आपल्या मनाचा कमकुवतपणा कमी आणि बिस्किटाची घडण जास्त असते. म्हणून स्वतःला दोष देणं थांबवा आणि पुडा घरात आणणं थांबवा.

मुलांच्या डब्यात भाकरी कडक होते, ही तक्रार येणारच. डब्यात दशमी द्या. तेच ज्वारीचं पीठ, पाण्याऐवजी दुधात मळलेलं, संध्याकाळपर्यंत मऊ राहतं. पूर्वी प्रवासाला तीच न्यायचे. किंवा भाजणीचं थालीपीठ, किंवा मुगाची धिरडी. मुलीला लोहाची गरज तुमच्याइतकीच आहे, हे तिला समजावून सांगा, ती पंधराची आहे, समजेल. गूळ-शेंगदाण्याचा लाडू चांगला, अळिवाचाही, पण एक. गूळ पौष्टिक म्हणून हवा तेवढा चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. साखरेच्या दृष्टीने गूळ ही साखरच.

तुमची खरी कसोटी असते ती संध्याकाळी साडेसातला, गाडीतून उतरल्यावर. तेव्हा तुम्ही सहा तास उपाशी असता. दुपारच्या डब्यानंतर काही खाल्लेलं नाही, अंगात रक्त कमी, आणि समोर कढईतून वडे निघतायत. त्या क्षणी कुणाचाच निग्रह टिकत नाही. साडेपाचला, ऑफिसातून निघायच्या आधी, मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे आणि एक पेरू खा. पर्समध्ये डबी कायम भरलेली हवी. आणि वडापाव खाल्ल्याबद्दल रडायचं नाही. महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांनी मिळून खा, गरम, लसणाच्या चटणीबरोबर, बसून, हसत. तो चोरून खाल्ला म्हणून तुम्हाला लागला.

थोडी सावधगिरीही सांगून ठेवते, कारण हे सदर बाकीचेही वाचतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, नाचणी, पालेभाज्या किती खायच्या ते डॉक्टरांनाच विचारायचं. रक्त पातळ करायच्या काही गोळ्यांबरोबर पालेभाजी एकदम वाढवायची नसते. थायरॉइड कमी असलेल्यांनी रोज बाजरी खाऊ नये, अधूनमधून चालते. आणि साखरेची गोळी चालू असणाऱ्याने जेवण बदललं की साखर तपासत राहायचं.

पत्र मी जानेवारीच्या सुरुवातीला लिहितेय, तुमच्या हाती पडेल तेव्हा भोगी आठ दिवसांवर असेल. सुरुवातीला याहून चांगला दिवस मला सुचत नाही. हरभऱ्याचे सोलाणे, वाल-पावट्याचे दाणे, गाजर, वांगी, बोरं, उसाची पेरं, वर तिळाचं कूट घालून केलेली ती लेकुरवाळी भाजी, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा. नाही म्हणाल तरी त्या दिवशी सासूबाई भाकरी खातील, सण आहे म्हणून खातील. पाच माणसांना त्या भाजीला दीड किलोच्या आसपास जिन्नस लागतो, आदल्या संध्याकाळी यजमानांना पिशवी देऊन पाठवा आणि मुलांना पावटे सोलायला बसवा. तुमची वाटी त्या दिवशी घासून कपाटात ठेवून द्या.

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासा. आकडे मला कळवा, आणि भाकरी परातीत फिरायला लागली का तेही.